देणाऱ्याची नोंद

"दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. डायलिसिस सुरू करू, पण घरातलं कुणी किडनी देऊ शकत असेल तर बघा," असं डॉक्टर सांगतात आणि कुटुंब केबिनबाहेरच्या बाकावर येऊन बसतं. वडिलांना शुगर आहे. भावाचं नुकतंच लग्न झालंय. बायकोचा रक्तगट तपासायचाय. हे सगळं बोलून व्हायच्या आत आई म्हणते, "माझी घ्या." तिला कुणी विचारलेलंही नसतं. आणि आपण भरल्या डोळ्यांनी म्हणतो, आई ती आईच.

मीही असंच म्हणत आले. पण प्रत्यारोपणाच्या नैतिक बाजूवर गेल्या दोन-अडीच दशकांत झालेलं संशोधन वाचायला लागल्यापासून त्या बाकावरचा क्षण डोक्यातून जात नाही. आईच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण तिला नाही म्हणायचं असतं, तर ते ती कुठे म्हणाली असती? कुणाजवळ?

नीतीवर संशोधन कसं करतात, असं कुणालाही वाटेल. पूर्वी ते बरंचसं तत्त्वचर्चेच्या वळणाचं होतं. माणूस मेला असं नेमकं कधी म्हणायचं, शरीराचा भाग विकण्याचा हक्क असावा का, यावर बाजू मांडायच्या आणि खोडून काढायच्या. ती चर्चा आजही चालू आहे. तिच्या जोडीला आता दुसरं काम आलंय: प्रत्यक्ष माणसांकडे जाऊन विचारायचं, मोजायचं, वर्षानुवर्षं मागोवा ठेवायचा. आणि या कामात एक बदल मला ठळक दिसतो. अवयव ज्याला मिळाला तो किती वर्षं जगला, याची आकडेवारी पहिल्यापासून ठेवली गेली. ज्याने दिला त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला फार उशीर झाला.

खरं तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला होता, आणि तोही दात्याकडूनच. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. यशस्वी झालेलं हे पहिलं किडनी प्रत्यारोपण. एका धडधाकट माणसाच्या शरीरावर एवढी मोठी शस्त्रक्रिया, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या तब्येतीचा काडीचा फायदा नाही, असा पेच डॉक्टरांपुढे होता. त्यांनी वकिलांशी आणि वेगवेगळ्या धर्मांच्या पुरोहितांशी सल्लामसलत केली. शस्त्रक्रियेआधीच्या बैठकीत देणाऱ्या भावाने विचारलं, यापुढे आयुष्यभर माझ्या तब्येतीची जबाबदारी रुग्णालय घेईल का? एका डॉक्टरने सरळ सांगितलं, नाही. आणि लगेच उलट विचारलं, तुला कधी गरज पडली तर या खोलीतलं कुणी तुला नकार देईल असं वाटतं का? मरे यांनी 1990 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. कायद्याची हमी नाही, खोलीतल्या माणसांच्या शब्दावर भरवसा. दोन भाऊ आणि मूठभर डॉक्टर असताना ते चाललं. वर्षाला हजारो प्रत्यारोपणं व्हायला लागली तेव्हा त्या खोलीतला शब्द कोण पाळणार होतं?

दात्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, एका किडनीवर माणूस आरामात जगतो, तुम्हाला इतरांपेक्षा जास्त धोका नाही. ते खोटं नव्हतं. पण त्यातला 'इतर' कोण, याकडे नीट पाहिलं गेलं 2014 साली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 96,000हून अधिक दात्यांचा मागोवा घेतला आणि तुलना दोन गटांशी केली. आयुष्यभरात किडनी पूर्ण निकामी होण्याची शक्यता सर्वसाधारण जनतेत दहा हजारांमागे 326, दात्यांमध्ये 90. इथे थांबलं तर दाता सुखरूप. पण दाता निवडताना शुगर, रक्तदाब, सगळं तपासून अगदी निरोगी माणूसच निवडतात. तेवढ्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या माणसांमध्ये हा आकडा निघाला 14. म्हणजे किडनी दिल्यामुळे धोका वाढतो, आणि तरीही तो शेकड्यात एकापेक्षा कमी राहतो. हे वाचून कुणी किडनी देण्यापासून मागे फिरावं असं मला मुळीच वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की "काही होत नाही हो" याऐवजी हे तीन आकडे देणाऱ्यासमोर ठेवावेत. मग तिने दिलेला होकार माहीत असून दिलेला असेल.

असाच, आधी कुणी न विचारलेला प्रश्न आपल्या देशात एका वेगळ्या दात्याबाबत, म्हणजे किडनी विकणाऱ्याबाबत, विचारला गेला. 1980च्या दशकात भारतात किडन्यांची उघड विक्री चालायची. ती थांबवण्यासाठी 1994 साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला आधी राज्यांचे ठराव लागले, आणि ते देणारी तीन राज्यं होती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. कायद्याच्या सुरुवातीलाच त्यांची नावं आहेत. 4 फेब्रुवारी 1995 पासून या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत तो लागू झाला. मराठी वाचकाला हे ठाऊक असावं असं मला फार वाटतं.

कायदा आला तरी वाद संपला नाही. गरीब माणूस आपल्या मर्जीने विकतोय, त्याचं कर्ज फिटतंय, घेणाऱ्याचा जीव वाचतोय, मग अडवणारे तुम्ही कोण, असं म्हणणारे तत्त्वज्ञ होते आणि आहेत. इराणमध्ये 1988 पासून सरकारी देखरेखीखाली मोबदला देऊन किडनी घेण्याची पद्धत चालते, तिचा दाखला दिला जातो. 2001 च्या फेब्रुवारीत संशोधकांनी चेन्नईत किडनी विकलेल्या 305 जणांना गाठलं आणि विचारलं, कर्ज फिटलं का? 96 टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठीच किडनी विकली होती. हातात सरासरी 1,070 डॉलर पडले होते, आणि तेही कबूल केलेल्या रकमेपेक्षा कमी. विक्रीनंतर कुटुंबाचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटलं होतं. तीन चतुर्थांश लोक मुलाखतीच्या दिवशीही कर्जातच होते. 86 टक्के म्हणाले, तब्येत पूर्वीसारखी राहिली नाही. तुमच्यासारख्या अडचणीतल्या माणसाला विकायचा सल्ला द्याल का, या प्रश्नाला 79 टक्क्यांचं उत्तर होतं, नाही. विकणाऱ्यांत 71 टक्के बायका होत्या. हा अभ्यास 2002 साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. 'मर्जीने' या शब्दात काय काय दडलेलं असतं, ते त्यातून उघडं पडलं. 2008 साली अवयवांच्या व्यापाराविरुद्ध इस्तंबूलचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा निघाला, त्यामागे अशाच माहितीचं बळ होतं.

आता पुन्हा त्या बाकावर येऊ, कारण आपल्या घरांशी सर्वांत जवळचा भाग तोच आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे 'नोटो'च्या, 2019 ते 2023 या पाच वर्षांच्या नोंदी पाहा. जिवंतपणी अवयव देणारे सुमारे 56,500, त्यांत बायका जवळपास 36,000. त्याच काळात घेणाऱ्यांमध्ये बायका सुमारे 17,000. देताना शंभरात चौसष्ट, घेताना तीस.

याची काही कारणं शरीराची आहेत. किडनी आणि यकृताच्या प्रत्यारोपणासाठी नोंद होणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. नवऱ्याला रक्तदाब किंवा दारूची सवय असेल तर तो दाता म्हणून बाद होतो. गरोदरपणात बाईच्या शरीरात, बाळात नवऱ्याकडून आलेल्या अंशांविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, त्यामुळे नवऱ्याची किंवा मुलाची किडनी तिला चालेलच असं नसतं. पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. कमावता पुरुष सहा आठवडे घरी बसला तर काय, हा प्रश्न घरात मोठ्याने बोलला जातो. घर सांभाळणारी बाई सहा आठवडे आडवी झाली तर काय, हा कुणी बोलत नाही. आणि आजारी बाईची गोष्ट तर त्याही आधी थांबते: ती तपासायला उशिरा जाते, अवयवासाठीच्या प्रतीक्षायादीवर नाव उशिरा लागतं किंवा लागतच नाही.

कायद्याला हे अगदीच दिसत नाही असं नाही. 2014 च्या नियमांत दाती स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती, अवयव घेणारा सोडून दुसऱ्या व्यक्तीकडून खातरजमा करून घ्यावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण परवानगी देणाऱ्या समितीसमोर खुर्चीत बसलेली बाई "हो, माझ्या मर्जीने" याशिवाय काय म्हणणार? बाहेर सगळं घर वाट बघत असतं. म्हणून जगातल्या अनेक प्रत्यारोपण केंद्रांत एक रीत पडली आहे. डॉक्टर दात्याशी एकट्याने बोलतात. मनातून द्यायचं नाही असं तिने सांगितलं, तर घरच्यांना एवढंच कळवतात, "या दाता म्हणून योग्य नाहीत." कारण सांगत नाहीत. हे खोटं बोलणं झालं का, यावर नीतितज्ज्ञांत खूप वाद आहे. काहींच्या मते डॉक्टरने खोटं कारण पुढे केलं तर विश्वासालाच तडा जातो. मला 'योग्य नाहीत' हे उत्तर खोटं वाटत नाही. जिला द्यायचंच नाही, ती योग्य दाती नाहीच.

इथे आपला 'दान' हा शब्दही आड येतो. त्यात पुण्य आहे, म्हणून न देण्यात आपोआप पाप येतं. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या अमेरिकन अभ्यासक स्त्रियांनी या ओझ्याला 'दानाचा जाच' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. दुसरी बाजू घेणाऱ्याची: जे कधीच फेडता येणार नाही असं काहीतरी तो अंगात वागवत राहतो. अवयवदानाच्या कार्यक्रमात दधीची ऋषींची गोष्ट हमखास सांगतात. त्या गोष्टीतला एक तपशील माझ्या लक्षात राहिलाय. देव त्यांच्या दाराशी आले आणि त्यांनी मागितलं. म्हणजे तिथे विचारणं झालं होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये नोटोने राज्यांना कळवलं, की मृत दात्याकडून मिळणाऱ्या अवयवांसाठीच्या यादीत स्त्रियांना आणि पूर्वी अवयव दिलेल्या मृत दात्यांच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावं. पाऊल चांगलं आहे. मर्यादाही लगेच दिसते. 2024 साली देशात 18,900 च्या आसपास प्रत्यारोपणं झाली आणि मृत दाते होते 1,100 च्या वर काही. बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांचेच, आणि ते यादीतून जात नाहीत. त्या बाकावर ठरतात.

यादीचं गणित किती बिघडू शकतं, याचा अमेरिकेतला नमुना सांगते. किडनी किती काम करते हे काढायच्या सूत्रात तिथे रुग्ण काळा असेल तर आकडा वाढवून धरायचे. कागदावर किडनी बरी दिसायची, आणि यादीत नाव उशिरा लागायचं. 2022 साली प्रत्यारोपणासाठी ते सूत्र बंद झालं, आणि 2023 पासून अशा रुग्णांना गमावलेला प्रतीक्षाकाळ परत मोजून द्यायला सुरुवात झाली. अन्याय एका गुणाकारात लपलेला होता.

मृत्यूनंतरच्या दानाचा पेच वेगळा. अपघातात डोक्याला मार लागलेला तरुण व्हेंटिलेटरवर आहे. छाती हलतेय, हात गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत, आणि डॉक्टर म्हणतात, मेंदू मृत झालाय, तो गेला. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनीही केलं, रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदूमृत्यूचे निकष मांडले. व्याख्या आधी आली की अवयवांची गरज, हा संशय तेव्हापासून या विषयाला चिकटलेला आहे. म्हणूनच आपल्या कायद्यात चार डॉक्टरांचं मंडळ आहे आणि सगळ्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात.

त्यानंतर प्रश्न येतो तो नातेवाइकांचा. 'नाही' असं लिहून ठेवलं नसेल तर होकार समजायचा, असा कायदा केला की दान वाढेल, असं वरवर वाटतं. दाखला देतात स्पेनचा. तिथे दर दहा लाखांमागे वर्षाला पन्नासच्या आसपास मृत दाते मिळतात. आपल्याकडे एकही भरत नाही. पण स्पेनमध्ये 1979 पासून असा कायदा असूनही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. आकडे वाढले ते 1989 पासून, रुग्णालयांत अवयवदानाचे प्रशिक्षित समन्वयक नेमले तेव्हा. इंग्लंडने मे 2020 मध्ये गृहीत संमतीचा कायदा केला, आणि पुढच्या काही वर्षांत घरच्यांच्या संमतीचं प्रमाण वाढायच्या ऐवजी घसरलं. त्याचं एक कारण असं सांगतात: "तो हो म्हणाला होता" हे वाक्य घरच्यांना बळ देतं, "तो काही बोलला नव्हता" यात तसं बळ नाही. आपल्याकडे तर अपघाती मृत्यूत पंचनामा, शवविच्छेदन, अंत्यविधीला होणारा उशीर, हे सगळं त्या घरावर एकदम कोसळतं. समन्वयक या कामांत सोबत उभा राहिला की नाही, यावर बरंच ठरतं.

अलीकडे एका तंत्रावर जोरात वाद चालू आहे. हृदय थांबल्यावर मृत्यू जाहीर करायचा, मग मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद करून यंत्राने उरलेल्या शरीरात रक्त पुन्हा फिरवायचं, म्हणजे अवयव चांगले राहतात. रक्ताभिसरण कायमचं थांबलं म्हणून माणूस मृत ठरवला, आणि आपणच ते सुरू केलं. मग 'कायमचं' म्हणजे काय? 2021 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने हे तंत्र तूर्त थांबवावं अशी भूमिका घेतली. काही देशांत ते वापरलं जातं. मला इथे थांबून विचार करणाऱ्यांची बाजू पटते, कारण एकदा शंका घराघरांत पोहोचली की ती मेंदूमृत्यूच्या साध्या, निर्विवाद प्रसंगातही होकार मिळू देत नाही.

नोंदीचा सगळ्यात भीषण अभाव मात्र संशोधनाच्या कागदांतच सापडला. चीनमध्ये मृत्युदंड दिलेल्या कैद्यांचे अवयव वापरले जात, हे तिथल्या अधिकाऱ्यांनीच मान्य केलं होतं. 2015 पासून ते बंद केल्याचं सांगितलं गेलं. 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या नीतितज्ज्ञ वेंडी रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या प्रत्यारोपणांवरचे, इंग्रजी नियतकालिकांत छापून आलेले 445 अभ्यास तपासले. त्यांत 85,000हून जास्त प्रत्यारोपणं होती. 92 टक्के अभ्यासांत अवयव कैद्यांचे होते की नाही याचा उल्लेखच नव्हता. 99 टक्क्यांत दात्याने संमती दिली होती का, हे लिहिलेलं नव्हतं. संपादकांनी आणि परीक्षकांनी हे लेख वाचून, दुरुस्त्या सुचवून छापले होते. कुणाचं हृदय, कुणाचं यकृत, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. त्यानंतर काही नियतकालिकांनी असे लेख मागे घेतले.

डुकराचे अवयव आले की देणाऱ्याचा प्रश्न मिटेल, अशी आशा आहे. 7 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात जनुकीय बदल केलेल्या डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं, तो दोन महिने जगला. मार्च 2024 मध्ये बॉस्टनला जिवंत रुग्णाला पहिल्यांदा डुकराची किडनी मिळाली. भारतात त्याच्याही कितीतरी आधी, 1997 साली, आसाममध्ये डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं होतं. रुग्ण आठवडाभरात गेला आणि डॉक्टरांना 1994 च्याच कायद्याखाली तुरुंगात जावं लागलं. आजच्या प्रयोगांत परवानग्या, समित्या सगळं आहे. तरी नवा पेच उभा राहतोच. डुकरातला विषाणू माणसात आणि त्याच्याकडून इतरांत जाऊ नये, म्हणून अशा रुग्णाला आयुष्यभर तपासण्यांखाली राहावं लागतं. एरवी प्रयोगातला कुणीही, कधीही, कारण न देता बाहेर पडू शकतो. हा हक्क संशोधननीतीचा पाया मानतात. छातीत ते हृदय असताना त्यातून बाहेर पडायचं कसं?

प्रयोगशाळेतलं हे सगळं आपल्या तालुक्याच्या डायलिसिस केंद्रापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर बाकावरची आई आहेच. तुमच्या घरात कुणी किडनी देणार असेल तर एक करा. तिला डॉक्टरांशी एकटीने, घरातलं कुणी सोबत नसताना बोलू द्या, आणि ती काय बोलली ते विचारू नका. शस्त्रक्रियेनंतर ज्याला किडनी मिळाली त्याची फाइल जाडजूड होत जाते, औषधांच्या चिठ्ठ्या, दर महिन्याचे रिपोर्ट. तिच्या नावाचीही एक वेगळी फाइल उघडा. वर्षातून एकदा रक्तदाब, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, एवढ्याच तपासण्या असतात. मुलाच्या तपासणीच्या दिवशी तिलाही सोबत न्या, आणि नंबर लावताना दोन नावं सांगा.